एका फियाटचे तीन पांढरे

पार्श्वभूमी

गाडी १९७२ ची फियाट ११०० डिलाइट, रंग पांढरा. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून हे मॉडेल बनत होतं. पुढे त्याच गाडीला प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी ही नावं मिळाली, पण लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली. ठाण्यात नौपाड्यातल्या एका घरात ही गाडी वडिलांकडून मुलाकडे आली. मुलगा म्हणजे आज सत्तरीला टेकलेले, ठाणे-बेलापूरच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका रसायन कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ. गॅरेजमध्ये सगळे त्यांना ‘काका’ म्हणत, म्हणून इथेही तेच. बाकीची नावं आणि ओळखीच्या खुणा गाळल्या आहेत.

माझं काम गाड्यांच्या रंगाची शेड, म्हणजे छटा, बसवून देण्याचं. या गाडीच्या कामात मी अडचण उभी राहिल्यानंतर आलो.

मे महिन्यात सोसायटीच्या आवारात पाण्याचा टँकर मागे घेताना गाडीला घासला. डाव्या मागच्या दरवाजावर आडवा लांब ओरखडा, आणि त्याच रेषेत मागच्या मडगार्डला पोचा. पत्रा फाटला नव्हता. टँकरवाल्याकडून भरपाई मागायची की नाही यावर सोसायटीत बरीच चर्चा झाली आणि नेहमीप्रमाणे ती चर्चेवरच थांबली.

पावसाळ्याच्या तोंडावर काकांनी जवळच्याच एका गॅरेजमध्ये डेंटिंग आणि टच-अप करून घेतलं. पोचा नीट काढला होता, त्यात खोट नाही. रंग मात्र तयार डब्यातला. मारुतीचा सुपीरियर व्हाइट मुंबई-ठाण्यातल्या कुठल्याही रंगाच्या दुकानात फळीवर असतो, पेंटरचा हात सवयीने तिकडेच जातो. काम संपलं संध्याकाळी, आणि शेड पाहिली ती पिवळ्या बल्बखाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आवारात गाडी उभी केली तर दरवाजावर निळसर पांढरी चिकटपट्टी लावल्यासारखं दिसत होतं.

यात गूढ काही नाही. पिवळ्या उजेडात दोन पांढऱ्यांमधला पिवळेपणाचा फरक डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही, आणि जुन्या-नव्या पांढऱ्यात मुख्य फरक तोच असतो.

अडचण

काकांची मागणी सरळ होती: “मला मूळ पांढरा हवा. वडिलांनी गाडी आणली तेव्हा होता तो.”

त्यामागे एक व्यावहारिक कारणही होतं. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांसाठी वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. काकांची गाडी त्या वयात बसते. ‘मूळ स्वरूप’ वाचल्यापासून त्यांना रंगाचा घोर लागला होता. नियमाचा रोख चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिनात मोठे बदल नसण्यावर आहे. पांढऱ्यावर पांढराच मारला तर आरसीवरच्या रंगाच्या नोंदीलाही धक्का लागत नाही. हे त्यांना सांगितलं. घोर थोडा कमी झाला, हट्ट तसाच राहिला.

खरी अडचण गाडी जवळून पाहिल्यावर कळली. या एका गाडीवर तीन पांढरे होते, आणि तिन्हींना कोणी ना कोणी मूळ म्हणू शकलं असतं.

तपासणीत काय दिसलं

मिस्त्री वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम करणारे, ड्यूकोच्या (नायट्रोसेल्युलोज, म्हणजे एनसी रंगाच्या) जमान्यापासून स्प्रे-गन हातात धरलेले. त्यांनी मडगार्डच्या खालच्या ओठावर, जिथे कोणाची नजर जात नाही, रुपयाएवढी जागा पाण्याच्या पेपरने (ओल्या पॉलिश पेपरने) तिरकी घासली. थर उघडे पडले. सगळ्यात वर खडूसारखा निस्तेज पांढरा, त्याखाली तोच रंग पण चकचकीत, मग राखाडी सर्फेसर (रंगाआधी पृष्ठभाग सपाट करणारा थर), मग आणखी एक पांढरा, हा किंचित सायीकडे झुकणारा, आणि तळाला प्रायमर. म्हणजे गाडी एकदा अख्खी रंगवून झाली होती. काकांना आठवलं, बहिणीच्या लग्नाच्या आधी, ८६ च्या सुमाराला वडिलांनी गाडी रंगवून घेतली होती.

मग थिनरचा बोळा. कापसाला थिनर लावून दोन्ही थरांवर काही मिनिटं धरायचा. एनसी रंग असेल तर तो विरघळून कापसावर येतो. कारखान्यात भट्टीत भाजून पक्का केलेला एनॅमल ढिम्म हलत नाही. हवेत सुकवलेला सिंथेटिक एनॅमल मधल्या वर्गातला: सुटत नाही, पण मऊ पडतो, क्वचित सुरकुततो. इथे खालचा थर जागचा हलला नाही. वरच्याला बारीक सुरकुती आली. वरचा रंग हवेत सुकवलेला सिंथेटिक आहे हे नक्की झालं, आणि पुढचे बरेच निर्णय या सुरकुतीने ठरवले.

तिसरा पांढरा काकांनी स्वतः शोधला. मागची नंबर प्लेट काढली तर तिच्यामागे स्वच्छ, चकचकीत, लोण्यासारखा पिवळसर पांढरा. काका खूश झाले. “हा बघा मूळ. इथे ऊन लागलेलंच नाही, त्यामुळे उडालेला नाही. याच्यावरून बनवा.”

मिस्त्री हसले. “काका, हा पिवळा उन्हाचा नाही, अंधाराचा आहे.”

हा मुद्दा नीट सांगायला हवा, कारण ‘झाकलेल्या जागेवरून नमुना घ्या’ हा सल्ला सगळीकडे दिला जातो आणि बहुतेक रंगांच्या बाबतीत तो बरोबरच असतो. सिंथेटिक एनॅमलमध्ये जवसासारख्या सुकणाऱ्या तेलांपासून बनलेलं अल्किड रेझिन असतं. हे रेझिन अंधारात पिवळं पडतं आणि उजेड मिळाला की त्यातला बराच पिवळेपणा परत जातो. ज्यांच्या घरी भिंतींना ऑइलपेंट आहे त्यांनी हे पाहिलेलं असतं: वर्ष संपल्यावर कालनिर्णय खाली काढलं की मागे पिवळा चौकोन. नंबर प्लेटच्या मागे तेच झालं होतं. ८६ साली रंगवताना प्लेट काढली होती, म्हणून तिथे वरचाच, दुसरा रंग होता. तो तिथे साडेतीन दशकांहून जास्त काळ अंधारात पिकत राहिला.

काका रसायनवाले, त्यामुळे ऐकून पटणारे नव्हते. त्यांनी प्लेटमागच्या जागेच्या अर्ध्या भागावर काळी टेप चिकटवली, अर्धी जागा उघडी ठेवली आणि गाडी आवारात आभाळाखाली उभी करून टाकली. प्लेटशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नाही, त्यामुळे ती आपोआपच विश्रांतीला गेली. गणपतीच्या सुमाराला टेप काढली. मधोमध सुतासारखी सरळ रेषा होती. उघडी बाजू फिकट, टेपखालची अजून लोण्यासारखी. आणि हे सगळं पावसाळ्याच्या ढगाळ उजेडात.

पर्याय

पूर्ण गाडी पुन्हा रंगवणे. शेड जुळवायचा प्रश्नच मिटतो, काकांना हवा तो कारखान्याचा पांढराही मिळतो. खर्च लाखाच्या घरात. शिवाय सगळे थर पत्र्यापर्यंत उतरवले की पन्नास वर्षांच्या पत्र्यात काय काय निघेल ते सांगता येत नाही. मिस्त्रींना यात पैसे सुटले असते, तरी त्यांनीच नको म्हटलं. बाकी गाडीवरचा रंग धडधाकट आहे, कशाला खरवडायचा.

फक्त खराब झालेला भाग कारखान्याच्या, खालच्या थरातल्या पांढऱ्याने रंगवणे. ऐकायला अस्सल वाटतं. पण बाकीची गाडी दिसते ती ८६ च्या रंगात. म्हणजे निळसर ठिगळाच्या जागी सायीच्या रंगाचं ठिगळ आलं असतं, एवढाच फरक.

डोळ्याने शेड मिळवणे. मिस्त्रींची पद्धत, आणि त्यांचा डोळा तयार आहे. फक्त पांढऱ्यात चुकीला जागा फार कमी असते. लाल किंवा निळ्यात खपून जाणारा फरक पांढऱ्यात दरवाजाच्या फटीशी लगेच उठून दिसतो.

मशीनने मोजून मग डोळ्याने दुरुस्त करणे. रंगाच्या मोठ्या दुकानांत आता हातात धरायचं मोजयंत्र असतं. ते पृष्ठभागावर टेकवलं की जवळची रेसिपी काढून देतं.

आणि शेवटचा पर्याय, काही न करता वर्षभर थांबणे. माझ्या मते हा दिसतो तितका हास्यास्पद नव्हता. पण निळसर पट्टी काकांना रोज गॅलरीतून दिसत होती.

निर्णय

पहिला निर्णय: जुळवायचं ते आज दिसणाऱ्या गाडीशी. काकांना हे पचायला वेळ लागला. मी रंगाच्या नमुन्याची दोन कार्डं करून नेली, एक कारखान्याच्या थराप्रमाणे आणि एक पुढच्या दरवाजाच्या सध्याच्या रंगाप्रमाणे, आणि दोन्ही त्याच दरवाजावर टेकवून त्यांच्या हातात दिली. त्यापुढे बोलावं लागलं नाही. कारखान्याच्या पांढऱ्याची रेसिपी मात्र त्यांनी वहीत लिहून घेतली, कधीकाळी पूर्ण गाडी रंगवायची वेळ आली तर.

दुसरा: ‘आज दिसणारी’ म्हणजे नेमकी कुठली? शेजारच्या पॅनेलवर खडूसारखा थर बसला होता. उन्हाने वरचं रेझिन झिजतं आणि पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी उघडी पडते. हाताला लागते तीच. या थरावरून शेड घेतली असती तर पहिल्या पॉलिशला ती उतरली असती आणि नवा भाग पुन्हा वेगळा दिसला असता. म्हणून आधी पुढचा दरवाजा, डिकी आणि छताची डावी कड कॉम्पाउंडने (पॉलिशच्या खरबरीत पेस्टने) घासून खालचा चकचकीत रंग वर आणला. मोजणी त्यानंतर. हा क्रम उलटा करणारे पेंटर बरेच आहेत, आणि मग मशीनला दोष देतात.

तिसरा निर्णय वेळेचा. काकांना दसऱ्याच्या पूजेला गाडी तयार हवी होती. पाऊस अजून रेंगाळत होता आणि वर्कशॉपमध्ये ओल होती. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प धरतं आणि चकाकी मरते. गडद रंगात हा दुधी डाग लगेच दिसतो. पांढऱ्यात तो लपतो, आणि म्हणूनच जास्त फसवतो, कारण महिन्याभराने नवा भाग मंद का दिसतोय ते कळत नाही. “देवीला निळी पट्टी चालेल, काका. मला ओला पत्रा चालणार नाही,” असं मिस्त्रींनी सांगून टाकलं. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार तसाच घातला गेला. काम ऑक्टोबरअखेरच्या कोरड्या उन्हात काढलं.

शेड बसवताना

मोजयंत्राने पुढच्या दरवाजावर वेगवेगळ्या जागी वाचन घेतलं आणि सरासरीवर रेसिपी दिली: जवळजवळ सगळा पांढरा, त्यात गेरूच्या जातीचा पिवळा ऑक्साइड आणि काळा, दोन्ही अगदी नावापुरते. इथे टच-अपवाल्यांचा नेहमीचा घोळ होतो. गिऱ्हाईक म्हणतं, शंभर ग्रॅमच बनवा. शंभर ग्रॅममध्ये काळा ग्रॅमच्या दहाव्या भागापेक्षाही कमी पडतो, आणि दुकानातला काटा दहाव्या भागाच्या खाली वाचतच नाही. काट्यावर आकडा हलेपर्यंत थेंब टाकले की शेड कधीच पुढे निघून गेलेली असते.

यावर दोन उपाय. एक, जास्त रंग बनवा. दोन, मिस्त्रींचा जुना: काळा आधी पांढऱ्यात मिसळून फिकट राखाडी करून ठेवायचा आणि तो राखाडीच टिंटर, म्हणजे शेड वळवणारा रंग, म्हणून वापरायचा. एका थेंबाचं काम मग चमचाभरात होतं आणि हात सांभाळता येतो. आम्ही दोन्ही केलं. अर्धा लिटर बनवला आणि दुरुस्ती राखाडीने केली.

पहिलं कार्ड सावलीत बरोबर वाटलं. आभाळाकडे तोंड करून धरल्यावर किंचित हिरवट दिसलं. पिवळ्यात काळा पडला की रंग हिरव्याकडे सरकतो. पांढऱ्यात तो सरकणं इतकं बारीक असतं की ‘मळका दिसतोय’ एवढंच जाणवतं. मग नवखा पेंटर आणखी पांढरा ओततो आणि प्रश्न जागेवरच राहतो. मिस्त्रींनी लाल ऑक्साइड काडीच्या टोकावर घेऊन ढवळला. पुढच्या कार्डात हिरवटपणा गेला होता.

कार्डावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात. पांढऱ्याची झाकणशक्ती कमी, त्यामुळे काळी पट्टी पूर्ण दिसेनाशी होईपर्यंत हात मारल्याशिवाय शेडवर मत देऊ नये. पत्र्यावर दोन हात कमी पडले की खालचा राखाडी सर्फेसर डोकावतो आणि रंग थंड, निळसर वाटतो. मग बिचाऱ्या रेसिपीवर बोल येतो. कार्ड पूर्ण सुकल्यावर तीन उजेडांत पाहिलं: सकाळी सावलीत, भर उन्हात, आणि सोसायटीच्या तळघरातल्या एलईडीखाली. पहिल्या दोन्हींत पास. तळघरात कार्ड जरासं थंड दिसत होतं. जुन्या आणि नव्या रंगातली रंगद्रव्यं एकच नसतील तर एका उजेडात जुळलेली शेड दुसऱ्यात सुटू शकते. काकांनी विचारलं, “गाडी तळघरात कोण बघतंय?” आणि तिथेच शेड पक्की झाली.

प्रत्यक्ष काम

दरवाजा सोपा होता. पॅच मारून कडा विरवण्याऐवजी अख्खा दरवाजा फटीपासून फटीपर्यंत रंगवला. फट ही तयार सीमा, डोळा तिथे फरक शोधत नाही.

मडगार्डचं तसं नाही. या गाडीचं मागचं मडगार्ड वर छताला आधार देणाऱ्या खांबातून थेट छताला जाऊन मिळतं, मध्ये फट नाही. कुठेतरी नवा रंग जुन्यात विरवावाच लागणार होता. आणि जुना रंग म्हणजे थिनरने सुरकुतणारा सिंथेटिक. आम्ही मारणार होतो तो टूके, म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणारा दोन भागांचा रंग, आणि त्याचा थिनर जुन्या रंगाला उचलू शकतो. म्हणून आधी डिकीच्या आत एका कोपऱ्यात नमुना मारून पाहिला. एका दमात ओला हात दिला तिथे कड फुगली. हलके, कोरडे हात देऊन मध्ये थांबलं तिथे काही झालं नाही. त्याप्रमाणे खांब जिथे सगळ्यात अरुंद होतो तिथे हद्द ठरवली. अरुंद जागी विरवण्याची रेषा आखूड होते आणि नजरेत भरत नाही.

टूकेच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं. तोंडाला रुमाल बांधून हे काम करणारे अजूनही दिसतात. मिस्त्रींकडे बाहेरून हवा पुरवणारा मास्क आहे, मुलाच्या हट्टाने घेतलेला. आधी कुरकुरत होते, आता मास्क न घालता कोणाला गनला हात लावू देत नाहीत.

निकाल

दिवाळीत गाडी आवारात उभी होती. दरवाजा सांगितल्याशिवाय ओळखता येत नाही. खांबावर, कललेल्या उन्हात, विरवलेल्या जागी चकाकीत सूक्ष्म फरक दिसतो. शेडमध्ये नाही. तळघरात दरवाजा किंचित थंड, अपेक्षेप्रमाणे.

हे जुळणं कायमचं नाही हे काकांना आधीच सांगितलं होतं. टूके रंग सिंथेटिकसारखा पिवळा पडत नाही आणि खडूसारखाही लवकर होत नाही. जुनी पॅनेलं बदलत राहतील, नवा दरवाजा बराचसा तसाच राहील. दरवर्षी पावसाळ्यानंतर जुन्या भागाला पॉलिश केलं तर अंतर हळू वाढेल. आणखी एक: गाडीला महिनोन् महिने जाड कव्हर घालून अंधारात ठेवू नका. जुना रंग पिवळा पडेल, नवा पडणार नाही, आणि दोघांची फारकत होईल. जपण्यासाठी घातलेलं कव्हर इथे उलट काम करतं.

उरलेला रंग हार्डनर न घालता छोट्या डब्यांत काठोकाठ भरून ठेवलाय, आत हवा कमी राहावी म्हणून. झाकणावर रेसिपी, तारीख, आणि ‘पॉलिश केलेल्या पुढच्या डाव्या दरवाजावरून’ असं लिहिलंय. हा शेवटचा तपशील बहुतेक डब्यांवर नसतो आणि पुढच्या माणसाला सगळ्यात आधी तोच लागतो.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच टच-अपच्या आधी दिवसाउजेडी एक कार्ड टेकवून पाहिलं असतं तर दुसरं काम निघालंच नसतं. कार्डाला लागणारा वेळ चहाएवढा. गॅरेजने ते केलं नाही. गाडीचा मालकही सकाळपर्यंत थांबा म्हणू शकला असता.

टेपचा प्रयोग चालू होता तोपर्यंत सगळं काम थांबलं. नमुना कुठून घ्यायचा हे थिनरच्या बोळ्यावरूनच जवळपास कळलं होतं. निव्वळ कामाच्या हिशोबाने तो प्रयोग अनावश्यक होता. काकांची खात्री पटायला मात्र तोच उपयोगी पडला, आणि तसाही ओल जाईपर्यंत रंग मारता येणार नव्हता.

मडगार्डबाबत मिस्त्रींचं आणि माझं अजून एकमत नाही. माझं म्हणणं, खांबावर विरवण्याऐवजी छतासकट रंगवलं असतं तर चकाकीतला तो फरक राहिला नसता. मिस्त्री म्हणतात, छतावरच्या सिंथेटिकवर एवढ्या मोठ्या जागेत टूके मारणं म्हणजे सुरकुतीला आमंत्रण, आणि एकदा छत उचललं की सगळं उतरवल्याशिवाय सुटका नाही. डिकीतल्या नमुन्यावर फुगलेली ती कड पाहता त्यांची बाजू मला जड वाटते.

व्हीए नोंदणीचा अर्ज अजून भरायचा आहे. त्याआधी पुढच्या बंपरमागे गंज सापडलाय, आणि तिथे रंगाच्या आधी पत्र्याचं बघावं लागेल.